नमुना कोण बनवतं?

बालमित्रांनो, प्रत्येक घरात कागदपत्रांची एक पिशवी असते. आमच्याकडे ती पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली असायची. तुमच्याकडे कपाटात असेल. रेशन कार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक, जन्माचे दाखले आणि घरातल्या शिकलेल्या माणसांच्या गुणपत्रिका असा सगळा ऐवज त्या पिशवीत असतो. आज आईची परवानगी घ्या, हात स्वच्छ धुवा आणि ती पिशवी उघडा. ताईची किंवा दादाची कॉलेजातली गुणपत्रिका काढा. वर विद्यार्थ्याचं नाव आहे ना? तिथेच जवळपास आईचंही नाव छापलेलं सापडेल. आता आजोबांची जुनी गुणपत्रिका जपून ठेवलेली असेल तर तीही काढा आणि तिच्यावर आईचं नाव शोधा. बहुधा सापडणार नाही.

मग मधल्या काळात हे नाव तिथे आलं कसं? कागद काही आपोआप बदलत नाही.

हा प्रश्न मला माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे पडला. मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. चौथीचा वर्ग माझ्याकडे. आपल्या विदर्भात ऊन फार, म्हणून इकडच्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा थोड्या उशिरा उघडतात. शाळा उघडली की पहिले काही दिवस दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर पसरलेलंच असतं. कोण आलं, कोण गेलं, कुणाची जन्मतारीख काय, सगळं त्यात. एक अक्षर चुकलं तर पुढे त्या मुलाला आयुष्यभर हेलपाटे! म्हणून मी ते फार जपून लिहिते.

तर एक मुलगी टेबलाशी उभी राहून रजिस्टर उलट्या बाजूने वाचत होती. (बाईंच्या टेबलावरचा कागद उलटा वाचण्यात आमची मुलं पटाईत आहेत!) तिचे वडील ती अगदी लहान असतानाच वारले. आई मजुरी करते. कधी सोयाबीन सोंगते, कधी कापूस वेचते. पोरीने स्वतःच्या नावाच्या ओळीवर बोट फिरवलं. आधी तिचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आईचं नाव दूर एका वेगळ्या रकान्यात.

“मॅडम, सारं तं माय करते. मंग तिचं नाव तिकडं दूर कायले?”

मी म्हटलं, “अगं, नमुनाच तसा आहे.” (हसू नका. ‘काय नमुना आहे हा!’ म्हणतो तो नमुना नव्हे. सरकारी कागदाच्या साच्यालाही नमुना म्हणतात.)

तिने लगेच विचारलं, “मंग नमुना कोन बनवते?”

आता आली का पंचाईत! डी.एड.ला आम्हाला पाठ घ्यायला शिकवलं, फळ्यावर सुंदर अक्षर काढायला शिकवलं. नमुना कोण बनवतं हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. मी तिला सांगितलं, शोधून सांगते. शोधता शोधता मी जाऊन पोचले थेट विद्यापीठाच्या दारात.

मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदी १९९५ ते २००० या काळात डॉ. स्नेहलता देशमुख होत्या. त्या मूळच्या लहान मुलांच्या डॉक्टर, आणि त्यातही शस्त्रक्रिया करणाऱ्या. कधी कधी ओंजळीत मावेल एवढ्या, नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं ऑपरेशन करावं लागतं. ते काम त्या करत. मुंबईच्या शीव रुग्णालयाच्या त्या अधिष्ठाता, म्हणजे प्रमुख होत्या. तिथून त्या विद्यापीठात आल्या. त्यांच्या कारकिर्दीत विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव छापायचा निर्णय झाला. मला वाटतं, बाळांच्या डॉक्टरने आयांना जेवढं जवळून पाहिलेलं असतं, तेवढं दुसऱ्या कुणी क्वचितच पाहिलेलं असेल.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? एक ओळ तर वाढवायची!

थांबा. एक ओळ वाढवायची तर काय काय करावं लागतं ते बघू. आधी प्रवेशाच्या अर्जात नवा रकाना हवा. तो अर्ज विद्यापीठाच्या सगळ्या महाविद्यालयांत पोचायला हवा. महाविद्यालयातल्या कारकुनांनी तो रकाना रिकामा न ठेवता भरून घ्यायला हवा. परीक्षेच्या अर्जातही तोच रकाना. मग संगणकात त्या नावासाठी जागा. मग छापखान्यात गुणपत्रिकेची नवी मांडणी. जुन्या छापून ठेवलेल्या कोऱ्या गुणपत्रिका उरल्या असतील तर त्यांचं काय करायचं? ज्यांनी अर्ज आधीच भरलेत त्यांचं काय? आणि हे सगळं करताना निकाल एक दिवसही लांबता कामा नये. भाषण करणारे पुष्कळ असतात, मुलांनो. ही सगळी साखळी हलवणारा माणूस खुर्चीत असेल तरच कागदावरची ओळ बदलते.

डॉ. स्नेहलताबाई जुलै २०२४ मध्ये गेल्या. त्याच वर्षी मार्च महिन्यात महाराष्ट्र सरकारनेही एक निर्णय घेतला होता. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव सरकारी कागदपत्रांत आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचं. तो निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाचा होता, विद्यापीठाचा नव्हे. पण वाट आधी थोडी मळलेली होती, असं मी म्हणेन.

मी हे वर्गात सांगितलं. माझ्या पोरीचे डोळे चमकले. पण मागच्या रांगेतला एक उंचाडा मुलगा उठला. म्हणाला, “मॅडम, कुलगुरू म्हंजे लय मोठे हेडमास्तर का?”

अगदीच चूक नाही! पण बरोबरही नाही. आपल्या शाळेत मुख्याध्यापक आहेत, शिक्षक आहेत, मुलं आहेत. विद्यापीठात मात्र शेकडो महाविद्यालयं एका छत्राखाली असतात. आपलं विद्यापीठ कोणतं, माहीत आहे? संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि आपला बुलडाणा अशा पाच जिल्ह्यांचं ते विद्यापीठ. खामगावच्या, चिखलीच्या, मेहकरच्या, मलकापूरच्या महाविद्यालयांतली मुलं आपापल्या गावातच शिकतात, पण परीक्षा घेतं आणि पदवी देतं ते अमरावतीचं विद्यापीठ.

हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झालं. डॉ. के. जी. देशमुख हे त्याचे पहिले कुलगुरू. त्याआधी आपला जिल्हा नागपूर विद्यापीठात होता. नागपूरचं विद्यापीठ १९२३ सालचं, मोठं आणि नामांकित, पण बुलडाण्याहून अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास! आमच्या घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, एखादा दाखला आणायचा तर रात्री मलकापूरला गाडीत बसायचं, सकाळी नागपूरला उतरायचं, काम उरकायचं आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परत. सोबत भाकरीचं गाठोडं आणि उसने घेतलेले पैसे. ज्या घरात उसने पैसे मिळत नसत, तिथला मुलगा काय करत असेल? नवं विद्यापीठ झालं आणि अंतर बरंच कमी झालं. तरी बुलडाण्याहून अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर आहेच. आता बरेचसे अर्ज मोबाईलवर भरता येतात, हा भाग वेगळा.

विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव नंतर दिलं गेलं. गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांना स्वतःला शाळा मिळाली नाही, आणि कीर्तनात मात्र लोकांना कळवळून सांगत, की घरातली भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. आज पाच जिल्ह्यांतल्या मुलांच्या पदव्यांवर त्यांचं नाव असतं. मला तर ही गोष्ट फार आवडते.

बरं, आता कारभार कोण कसा बघतं ते ऐका. सगळ्यात वर कुलपती. महाराष्ट्रात राज्यपाल हेच राज्याच्या विद्यापीठांचे कुलपती असतात. पण ते मुंबईला. रोजचा कारभार कुलगुरूंच्या हाती. त्यांच्या मदतीला प्र-कुलगुरू. कुलगुरूंची नेमणूक पाच वर्षांसाठी असते.

पण खरी गंमत आहे कुलसचिवांची. हे नाव तुम्ही फारसं ऐकलेलं नसेल. विद्यापीठाचा शिक्का, दप्तर, करारपत्रं, नेमणुका, सभांची इतिवृत्तं हे सारं त्यांच्याकडे. कोर्टात विद्यापीठाच्या विरुद्ध किंवा बाजूने कागद दाखल करायचा तर त्यांच्या सहीने. आपल्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरला हजारांनी गुणा म्हणजे कुलसचिवांच्या कामाचा थोडासा अंदाज येईल. कुलगुरू पाच वर्षांनी बदलतात. दप्तर मात्र तिथेच राहतं, आणि दप्तर नीट असेल तर नव्या कुलगुरूला विद्यापीठ समजतं. पैशांचा हिशेब बघायला वित्त व लेखा अधिकारी असतात. वेगवेगळ्या सभाही असतात. अधिसभेत प्राध्यापक, प्राचार्य, जुने पदवीधर असे अनेकांचे प्रतिनिधी बसतात आणि कारभाऱ्यांना प्रश्न विचारतात. काय शिकवायचं ते विद्या परिषद ठरवते. पैसा आणि कारभार यांचे निर्णय व्यवस्थापन परिषदेत होतात. म्हणजे कुलगुरू मनात येईल ते करू शकत नाहीत बरं का! दहा जणांना पटवावं लागतं, त्यातले चार जण रुसलेले असतात.

आणि राहिले परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक. बापरे, हे काम म्हणजे बारा महिने तेरा काळ!

तुमची घटक चाचणी झाली की मी पेपर पिशवीत भरून घरी नेते, स्वयंपाक आटोपला की तपासते आणि चार दिवसांनी वाटून टाकते. चाळीस मुलं, चाळीस पेपर. विद्यापीठात काय होतं? प्रश्नपत्रिका काढणारा कोण हे गुप्त. ती फुटू नये म्हणून पहारा. उत्तरपत्रिका आल्या की त्यावर सांकेतिक क्रमांक पडतो, म्हणजे तपासणाऱ्याला कळायला नको की हा पेपर कुणाचा. मग तपासणी. काही पेपर दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा बघून घेतात. मग गुण संगणकात भरायचे, सांकेतिक क्रमांकाची आणि आसन क्रमांकाची पुन्हा जोडी लावायची, बेरजा पडताळायच्या आणि निकाल लावायचा. त्यावर कुणाला शंका आली तर उत्तरपत्रिकेची प्रत द्यायची, पुन्हा तपासून द्यायची. आणि कायदा काय म्हणतो? परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे, फार तर पंचेचाळीस दिवसांत.

हे गणित बिघडलं तर काय होतं तेही सांगते, कारण नुसत्या चांगल्या गोष्टी सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

ज्या मुंबई विद्यापीठाने आईचं नाव गुणपत्रिकेवर आणलं, त्याच विद्यापीठात २०१७ साली सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. कागदाचे गठ्ठे इकडून तिकडे न्यायला नकोत, बेरजा चुकायला नकोत. पण तयारी पुरेशी झाली नव्हती आणि लाखो उत्तरपत्रिका एकदम त्या नव्या पद्धतीत टाकल्या गेल्या. पानं स्कॅन करायची, परीक्षकांनी नवं तंत्र शिकायचं, सगळं घाईघाईत. निकाल रखडले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. पुढच्या शिक्षणासाठी परदेशी निघालेली, नोकरीवर रुजू व्हायच्या बेतात असलेली मुलं गुणपत्रिकेची वाट बघत बसली. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना कुलपतींनी पदावरून दूर केलं.

दोन्ही निर्णय एकाच विद्यापीठातले. एकात एक ओळ वाढली. दुसऱ्यात चांगली गोष्ट घाईने केली म्हणून हजारो घरांत महिनोनमहिने काळजी पसरली. वर्गात हे सांगितल्यावर तो उंचाडा मुलगा म्हणाला, “मंग आधी थोड्याच पेपरांवर करून पाहाचं होतं ना!” चौथीतल्या मुलाला सुचतं ते मोठ्यांना का सुचत नाही, असं मला क्षणभर वाटलं. पण मोठ्यांवर तारखांचा दाब असतो, आणि दाबाखाली ‘थांबू या’ म्हणायला फार धैर्य लागतं.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाची हकिगत सांगते. विद्यापीठ कोणतं ते सांगत नाही. त्याच्या निकालपत्रावर नावातलं एक अक्षर चुकलं होतं आणि त्यामुळे निकाल राखून ठेवलेला. नोकरीवर रुजू व्हायला चार दिवस उरले होते. खिडकीवर दोनदा ‘उद्या या’ ऐकलं. तिसऱ्या वेळी खिडकीमागे दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी त्याला बाकावर बसवलं, स्वतः दप्तरखान्यात जाऊन जुनी नोंदवही शोधली, दोन टेबलांवरून सह्या आणल्या आणि संध्याकाळी पाचला दुरुस्त कागद हातात ठेवला. तो मुलगा आज नोकरीत आहे. त्या बाईंचं नाव विचारायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. विद्यापीठाचा कारभार म्हणजे केवळ कुलगुरूंची गाडी आणि दीक्षान्त समारंभातला झगा नव्हे, त्यात ही खिडकीही येते.

आता एक गोष्ट माझी स्वतःची. बारावीनंतर मी डी.एड. केलं आणि लगेच नोकरी धरली. पदवी राहून गेली. नोकरी, घर, लेकरू, रोज गावोगावचा प्रवास, यात कॉलेजात कधी जाणार? माझी बी.ए. झाली ती यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. पुस्तकं घरी आली. रविवारी अभ्यासकेंद्रावर तास. माझ्या बाकावर कधी पोलीस शिपाई असायचे, कधी अंगणवाडीच्या ताई, कधी किराणा दुकानदार. एका आजोबांना नातू झाल्याचे पेढे आम्ही तासालाच खाल्ले!

हे विद्यापीठ नाशिकला १९८९ साली स्थापन झालं आणि त्याचे पहिले कुलगुरू होते प्रा. राम ताकवले. त्याआधी त्यांनी पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळलं होतं. म्हणजे भरलेलं, नावाजलेलं विद्यापीठ त्यांनी चालवून पाहिलं होतं. नाशिकला मात्र सगळं कोरं. वर्ग नसलेलं विद्यापीठ कसं चालवायचं? विद्यार्थी घरी, शिक्षक दुसरीकडे, मग शिकवणार कोण? तर पुस्तकच असं लिहायचं की ते शिक्षकासारखं बोलेल. जवळच्या महाविद्यालयात किंवा शाळेत अभ्यासकेंद्र उघडायचं. आणि ज्याची बारावी राहून गेली त्यालाही पूर्वतयारीचा अभ्यास करून पदवीच्या वाटेला लागता येईल, अशी सोय करायची. शेवटची गोष्ट तर नियमांच्या राज्यात केवढी मोठी! ‘बारावी पास नाही, पुढचा!’ म्हणणारी खिडकी त्यांनी एका वेगळ्या नमुन्याने उघडून दिली. ज्ञानगंगा घरोघरी, हे त्या विद्यापीठाचं ब्रीदवाक्य आहे. ताकवले सर पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. २०२३ साली त्यांचं निधन झालं. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण माझ्या पदवीचा कागद ज्या वाटेने आला ती वाट त्यांनी आखली होती.

तुमच्यापैकी कुणाला या कामाला जायचं असेल तर वाटा दोन आहेत.

एक वाट शिकवण्यातून जाते. पदवी, मग पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट ही परीक्षा, पीएच.डी., मग सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक. प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षं काम झालं की कुलगुरुपदासाठी अर्ज करता येतो. शोध समिती अर्ज तपासते, मुलाखती घेते, नावं सुचवते आणि कुलपती त्यांतून निवड करतात. म्हणजे केस पिकेपर्यंतचा प्रवास आहे हा! मधल्या काळात विभागप्रमुख, प्राचार्य, अधिष्ठाता अशी कामं केलेली असली की माणूस तयार होतो. एकशे तीस वर्षांपूर्वी असा प्रवास केलेला एक मुलगा तुम्हाला ठाऊक असायला हवा. मुंबई विद्यापीठाचे पहिलेवहिले बी.ए. झाले १८६२ साली. त्या पहिल्या पदवीधरांत मालवणात जन्मलेले, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले, एका सरकारी कारकुनाचे चिरंजीव होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर. संस्कृतचे थोर पंडित झाले ते पुढे. आणि १८९३ साली ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याच विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. तोवर त्या खुर्चीत बहुतेक इंग्रज न्यायाधीश आणि अधिकारीच बसत आले होते. पहिले भारतीय कुलगुरू न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे भांडारकरांच्या अगदी आधीचे, १८९२ सालचे.

दुसरी वाट कार्यालयातून जाते, आणि पालकहो, या वाटेकडे आपलं लक्ष फारसं जात नाही. आपल्याला मुलगा डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर कलेक्टर हवा असतो. विद्यापीठात सहायक कुलसचिव म्हणून थेट निवड होऊ शकते. त्यासाठी साधारणपणे पंचावन्न टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी लागते. मग उपकुलसचिव, आणि पंधराएक वर्षांच्या अनुभवानंतर कुलसचिवपद. लिपिक म्हणून लागून, परीक्षा आणि बढत्यांनी वर चढत गेलेली माणसंही विद्यापीठांत भेटतात. कायदा, हिशेब, संगणक आणि चांगलं मराठी-इंग्रजी लिहिणं, एवढं येत असेल तर माणूस अडत नाही. चांगलं लिहिणं म्हणजे अलंकारिक नव्हे हं. पत्र वाचून समोरच्याला कळलं पाहिजे की त्याने नेमकं करायचं काय आणि कुठे जायचं.

पहिल्या नंबराचं मूलच इथे चमकेल असं मला मुळीच वाटत नाही. आमच्या शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ आहे. त्यातला आरोग्यमंत्री गुणांत मधलाच, पण हात धुवायच्या नळावर रांग लावायची तर पहिलीची मुलं आधी घेतो, कारण त्यांचे हात लहान आणि वेळ जास्त लागतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आणखी एक मुलगी खिचडीच्या ताटांचा हिशेब ठेवते. एकदा दोन ताटं कमी भरली तर तिने कुणावर आळ घेतला नाही. आधी पुन्हा मोजलं, मग धुवायच्या जागी पाहिलं, तिथे ती ताटं चिखलात पालथी पडलेली होती.

या सगळ्या चर्चेनंतर वर्गाने ठरवलं, की अमरावतीला कुलसचिवांना पत्र लिहायचं. मी फक्त पत्ता सांगितला आणि चुका दुरुस्त केल्या, बाकी मजकूर मुलांचा. पहिला प्रश्न उंचाड्या मुलाचा: तुमच्याकडे सगळ्यात जुनी नोंदवही कोणत्या सालची आहे आणि तिला वाळवी लागू नये म्हणून काय करता? दुसरा ताटं मोजणारीचा: चुकून एकाचा निकाल दुसऱ्याला गेला तर कसं कळतं? आणखी कुणीतरी लिहिलं, तुमची सही किती लांब आहे आणि हात दुखतो का? मी तो प्रश्न खोडणार होते, पण राहू दिला.

शेवटचा प्रश्न रजिस्टर उलटं वाचणाऱ्या मुलीचा. तिने तो स्वतःच्या अक्षरात, ओळी आखून लिहिला. “मी कॉलेजात येईन तेव्हा माझ्या नावाच्या लगेच मागे आईचं नाव लावता येईल का? माझा जन्म २०२४ च्या आधीचा आहे. त्यासाठी कोणता अर्ज करावा लागेल आणि त्याचा नमुना कुठे मिळेल?”

पत्रावर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. बुधवारी मधल्या सुट्टीत आम्ही ते पोस्टाच्या लाल पेटीत टाकलं. टाकताना तिने लिफाफा दोन्ही बाजूंनी वाचून पाहिला.